‘गुळगुळीत’ या शब्दाचा खुलासा

तीर्थस्वरूप ताईंना साष्टांग नमस्कार. (आठांपैकी दोन अंगांनी, म्हणजे दोन्ही गुडघ्यांनी, वाकायला नकार दिला आहे. उरलेल्या सहांचा गोड मानून घ्यावा.)

खांदा कसा आहे? डोळ्यांत थेंब वेळेवर घालता, की अजून ‘आठवण आली की’ याच वेळापत्रकाने? मी ठीक आहे. हे वाक्य मला सध्या इतक्या लोकांना सांगावं लागतं की दारावर तशी पाटीच लावावी असं मनात आहे, म्हणजे लोक पाटी वाचून परस्पर परत जातील आणि दोन्ही बाजूंचा वेळ वाचेल.

पत्रास कारण की, चहाची गाळणी सापडत नाही.

हा विषय तुम्हाला क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे, म्हणून जरा सविस्तर मांडते. तुमचा भाऊ गेला आणि घर माणसांनी भरलं तेव्हा बाकीच्या बायका माझ्या गळ्यात पडत होत्या आणि तुम्ही बाह्या सरसावून माझं स्वयंपाकघर लावायला घेतलंत. उभा जन्म ग्रंथपाल म्हणून काढलेल्या बाईला दुःख झालं तर ती दुसरं काय करणार, वर्गवारी करणार. तुम्ही सगळे डबे बाराखडीप्रमाणे लावलेत. तेव्हापासून कांद्यांच्या शेजारी काडेपेटी आहे, मिठाच्या शेजारी मेणबत्त्या आहेत, आणि साखर व साबण मांडीला मांडी लावून बसले आहेत. पद्धत निर्दोष आहे. अडचण एवढीच की मला हल्ली वस्तूंची नावं आठवत नाहीत. ‘ते हे’ हवं असलेल्या माणसाने ‘त’मध्ये बघावं की ‘ह’मध्ये, याचं मार्गदर्शन तुम्ही करून गेला नाहीत. गाळणीचं मात्र नाव मला पक्कं आठवतं, आणि ती ‘ग’मध्ये नाही. ‘च’मध्ये (चहाची) नाही, ‘स’मध्ये (स्टीलची) नाही, ‘ज’मध्ये (जुनी) नाही. तशी या घरात गाळणी सहज कुणालाच सापडली नाही म्हणा. तुमचा भाऊ सकाळी चहाला उभा राहिला की आधी स्वयंपाकघराच्या दारामागे हात घालायचा, तिथली भिंत चाचपायचा, मग ‘अरे हो’ म्हणून खण उघडायचा. लग्न झाल्यापासून हे असंच. मी त्याला वेंधळा म्हणायची आणि तो ते बिरुदासारखं मिरवायचा. तर सध्या मी चहा खाली बसू देते, वरवरचा पिते, आणि शेवटचा घोट दातांनी गाळते. पन्नाशी उलटलेल्या, नावाआधी ‘डॉक्टर’ लावणाऱ्या, कागदापेक्षा पातळ गोष्टी गाळण्याचा पगार घेणाऱ्या बाईवर ही वेळ आली आहे. शेजारीण म्हणाली, नवी आण की. आणणार नाही. हा तत्त्वाचा प्रश्न आहे.

आणखी एक. मी तुम्हाला लिहिलेलं हे पहिलंच पत्र. या घरातून तुमच्याकडे दर महिन्याला जे पाकीट जायचं, त्यात माझा वाटा शेवटच्या ओळीएवढा: ‘हिचाही नमस्कार.’ (बऱ्याचदा ती ओळही मला न विचारता घातलेली असे. तुम्हाला माझे जे नमस्कार पोचले त्यांतले निम्मे बनावट होते, हे आता सांगायला हरकत नाही.) तुम्ही दोघं बहीणभाऊ फोनवर एकमेकांशी भांडायचात आणि पत्रात गोड असायचात, म्हणून तुमचं पत्रावर चालायचं. आपल्या दोघींचं कशावर चालणार, हे ठरायच्या आतच तुम्ही बॅग उचलून निघालात. त्याबद्दलच लिहायचं आहे. गाळणी निमित्त समजा. (तरी ती हवीच आहे.)

तुम्ही निघालात त्या सकाळचं बोलणं मी मनात इतकं घोळवलं आहे की त्याला आता धार उरलेली नाही. तुम्ही दारात उभ्या होतात. म्हणालात, “मी राहू का आणखी थोडे दिवस? तुला आधाराला कुणी नको का?” त्यावर मी जे बोलले ते कुठल्याही शहाण्या बाईने बोललं नसतं. मी म्हणाले, “गुळगुळीत आधारावर काही टिकत नाही, ताई.” तुमचा चेहरा पडलेला मला दिसला. ‘गुळगुळीत’ म्हणजे तोंडदेखली, बोलून मोकळी होणारी, असंच तुम्ही घेतलंत, आणि मराठी येणाऱ्या कुणीही तेच घेतलं असतं. तुम्ही आत गेलात, बॅग घेऊन आलात, चपला घालता घालता म्हणालात, “खरंच, आता या घरात माझं कोण?” आणि गेलात. मी दारात तशीच. जो शब्द फुटायला नको होता तो आधीच फुटला होता.

तर खुलासा असा, की मी ते वाक्य घरच्या मराठीत बोललेच नव्हते. ते प्रयोगशाळेतलं वाक्य होतं. रात्रंदिवस एका धंद्यात घालवलेल्या माणसाचं हे असं होतं. तुम्ही नाही का, आमच्या लग्नात नारळ घेऊन निघालेल्या पाहुण्यांना ‘परत कधी करणार’ असं विचारलं होतंत, पुस्तक समजून.

आमच्याकडे ‘आधार’ हा रोजचा शब्द आहे, मिठासारखा. पेन्सिलीतलं शिसं म्हणजे एकावर एक रचलेले कार्बनचे ताव. त्यातला एकच ताव सुटा केला की त्याला ग्रॅफीन म्हणायचं. एका अणूच्या जाडीचा कागद. चमचाभर पुडीतले ताव सुटे करून अंथरले तर तुमच्या वाचनालयाची जमीन झाकून, वर ज्यांनी पुस्तकं परत केली नाहीत त्यांचीही घरं झाकतील. हा ताव म्हणजे आधार. त्याच्यावर आम्ही प्लॅटिनम बसवतो. प्लॅटिनम कशाला, तर हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांची गाठ घालून वीज काढायला. ते दोघे आपण होऊन नीट जवळ येत नाहीत (आले तर स्फोट करतात, मधलं काही त्यांना माहीत नाही), म्हणून मध्ये कुणीतरी लागतं जे दोघांना शेजारी बसवतं, जुळवून देतं आणि स्वतः होतं तसंच राहतं. त्याला उत्प्रेरक म्हणायचं. हे समजायला तुम्हाला कठीण जाऊ नये. मी तुमच्या वाचनालयात डोळे बारीक करून, नाक पुस्तकाला लावून वाचत असायची, आणि तुम्ही एक दिवस येऊन म्हणालात, “अगं, पुस्तक खाशील. माझ्या भावाचं चष्म्याचं दुकान आहे, जाऊन ये.” पुढची प्रक्रिया झाली. तुम्ही होतात तशाच राहिलात.

आता प्लॅटिनम महाग, आणि त्याचा स्वभाव घोळक्याचा. काम करतो फक्त बाहेरच्या अंगाला असलेला अणू. कण गोळा झाले की आतले अणू नुसते बसून पगार खातात. म्हणून ते ताव भरून सुटे सुटे विखरून बसावेत, ही आमची सगळी धडपड. कसं ते सांगते. तुमचा भाऊ गेला तेव्हा मला आधार द्यायला किती माणसं आली होती, आठवतं? आणि सगळी कुठे होती? स्वयंपाकघरात. एकाला एक चिकटून, चहाची भांडी धरून, आपापसांत गरम होत. आतल्यांना बाहेरचं दिसत नव्हतं आणि बाहेरच्यांना आतून ढोसलं जात होतं. पुढच्या खोलीत मी एकटी आणि रिकाम्या खुर्च्या. आमचे विभागप्रमुख आले (त्यांना आम्ही ‘पुढचा सोमवार’ म्हणतो, कारण सगळं तेव्हा होतं), म्हणाले, “संपूर्ण विभाग तुमच्या आधाराला उभा आहे.” बघते तर संपूर्ण विभाग दारातच गठ्ठा करून उभा. कुणाला आत यायचं धैर्य नाही, कुणाला जायचं नाही. मला तेव्हा हसू आलं होतं. ते पाहून कुणीतरी कुणाच्या तरी कानात काहीतरी बोललं, आणि मी रडत नाही याची नोंद झाली.

कण गोळा का होतात, तर ताव गुळगुळीत असतो म्हणून. अगदी निर्दोष, कुठे फाटलेला नाही, एक अणू इकडचा तिकडे नाही, अशा तावावर धातू बसवला तर बसतो. पण भट्टीत जरा ऊब लागली की घसरतो, घसरत घसरत दुसऱ्याला जाऊन चिकटतो, मग दोघे तिसऱ्याला. त्याला धरून बसायला काहीतरी खोट लागते. फाटलेली कड, गळून पडलेला अणू, भोक. भोकाच्या काठाला धातू जो धरतो तो सहसा सोडत नाही. म्हणून आम्ही चांगले ताव आधी आम्लात घालून मुद्दाम खराब करतो. यावर तुमचा भाऊ म्हणाला होता, “म्हणजे तू पगार घेऊन वस्तू बिघडवतेस आणि मी पैसे घेऊन दुरुस्त करतो. एकाच घरात दोन धंदे, गिऱ्हाईक बाहेर जायला नको.”

आता ते वाक्य पुन्हा वाचा. आमच्या भाषेत आधार म्हणजे वर येऊन बसणारा नव्हे. आधार म्हणजे खालचा ताव, ज्याच्यावर दुसरे येऊन बसतात. तो ताव मी होते, ताई. तुम्ही सगळे येत होतात, मायेने बोलत होतात, आणि माझ्यावर काही टिकत नव्हतं. सगळं घसरून स्वयंपाकघरात जात होतं. मला रडू येत नव्हतं, तुमचा हात खांद्यावर आहे हेही मला तुम्ही हात काढल्यावर कळायचं. ‘गुळगुळीत’ मी स्वतःला म्हणाले. तुम्हाला कसं म्हणेन? तुमच्याइतका खरखरीत माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. (हे कौतुक आहे. आमच्याकडे तरी.)

पुढचंही ऐका. तुमच्या भावाच्या दुकानात चष्मे धुवायचं जे गुणगुणणारं भांडं होतं, ज्यात तुम्ही एकदा तुमच्या कानातल्या कुड्या उजळून घेतल्या होत्या, त्याचंच मोठं भावंड आमच्याकडे आहे. त्यात तावांचं पाणी घातलेली बाटली थोडा वेळ ठेवायची, म्हणजे एकमेकांना चिकटलेले ताव हादऱ्याने सुटे होतात. थोडाच वेळ, जास्त झालं तर ताव फाटतात. तो गेला त्या दिवशी मी बाटली नुकती ठेवली होती आणि त्याच्या शेजारच्या दुकानातल्या शिंप्याचा फोन आला. मी जी निघाले ती निघाले. (तुमचा भाऊ एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याची काडी सरळ करता करता खाली बसला, हे तुम्हाला माहीत आहे. ते गृहस्थ मला अधूनमधून रस्त्यात दिसतात. चष्मा अजून तसाच, एका कानावर उंच. दुसऱ्या दुकानात जाऊन सरळ करून घेत नाहीत. मला नमस्कार करतात, तोही थोडा तिरका होतो. का घेत नाहीत, हे मी विचारलं नाही आणि ते सांगत नाहीत. आमचं छान चाललं आहे.)

तर ते भांडं दिवसभर गुणगुणत राहिलं. संध्याकाळी आमच्या भट्टीवाल्या काकांनी ते बंद केलं, बाटली फ्रीजमध्ये ठेवली आणि झाकणावर लिहिलं, ‘बाईंचं आहे. हात लावू नये.’ मी कामावर परतले तेव्हा ती कुणाच्या तरी जेवणाच्या डब्यामागे तशीच होती. टाकून द्यायची, हा नियम. पण ‘पुढचा सोमवार’ यांना नेमका त्या सोमवारीच निकाल हवा होता आणि नवं पाणी करायला माझ्या अंगात बळ नव्हतं. मी त्याच फाटक्या तावांवर धातू चढवला, काकांनी भट्टीत घातला. काका एरवी दर खेपेला विचारतात, “या वेळी तरी गोळे नकोत ना, बाई?” त्या दिवशी काही विचारलं नाही. नमुना बाहेर काढून हातात देताना म्हणाले, “जेवलात का?” मी म्हटलं, “ठीक आहे.” काका म्हणाले, “मी ते नाही विचारलं.”

आमच्या मायक्रोस्कोपखालचे फोटो तुमच्या भावाने पाहिले होते. गोळ्यागोळ्यांचा एक फोटो बघून म्हणाला होता, “माशांनी घाण केलेला आरसा. दुकानात असा ठेवला तर गिऱ्हाईक यायचं नाही.” तेव्हापासून घरी आल्या आल्या त्याचा पहिला प्रश्न असायचा, “माशा कशा आहेत?” या खेपेचा फोटो आला आणि त्यात माशा नव्हत्या. बारीक बारीक ठिपके, ताव भरून, एकमेकांपासून अंतर राखून, जिथे जिथे फाटलं होतं तिथे तिथे बसलेले. भट्टीतून निघूनही जागचे हलले नव्हते. इतकी वर्षं हेच तर हवं होतं. मी फोटोची छापील प्रत काढली, घडी पडू नये म्हणून फाइलमध्ये घातली, फाइल पिशवीत घातली, आणि घरी जाऊन काय म्हणायचं तेही ठरवलं. बसस्टॉपवर येऊन उभी राहिले तेव्हा आठवलं, दाखवायला कुणी नाही.

तिथे मी रडले, ताई. बसस्टॉपवर, भर गर्दीत, पिशवी पोटाशी धरून. तुम्ही घरात इतके दिवस ज्याची वाट पाहत होतात ते तिथे झालं. एका बाईने मला बसायला जागा दिली आणि कुठली बस हवी म्हणून विचारलं. ती आपली बस सोडून उभी राहिली.

‘पुढचा सोमवार’ खूश झाले. फक्त ‘फाटके ताव’ आणि ‘खोट’ हे शब्द अहवालात नकोत म्हणाले, पैसे देणारे बिथरतात. ‘पृष्ठभागाची समृद्ध रचना’ असं घालू या. माझी या वयात इतक्या सुंदर शब्दांत कुणी दखल घेतली नव्हती. मग म्हणाले, आता हेच पुन्हा करून दाखवा. आम्ही केलं. बाटली तशीच दिवसभर ठेवली, फ्रीजमध्ये तितकेच दिवस, डब्यामागेच ठेवली. (डबा काकांनी स्वतःचा दिला.) गोळे. पुन्हा केलं, पुन्हा गोळे. त्या दिवशी भांड्यातलं पाणी किती तापलं होतं, किती आटलं होतं, कुणी पाहिलं होतं? आमच्या शास्त्रात जी गोष्ट पुन्हा करून दाखवता येत नाही ती झाली नाही असं धरतात. ‘पुढचा सोमवार’ यांनी हे मला समजावून सांगितलं, खुर्ची पुढे ओढून, हळू आवाजात. मी ‘हो सर’ म्हटलं. पण तुमच्या भावाला धरून माझ्या आयुष्यात ज्या चांगल्या गोष्टी झाल्या त्या सगळ्या एकेकदाच झाल्या आहेत, आणि त्या झाल्या नाहीत असं मी धरणार नाही. अहवाल त्यांना हवा तसा जाऊ दे.

एवढाच खुलासा. खांदा शेकत जा. थेंब घालत जा. शेजारणीच्या सांगण्यावरून औषध बदलू नका. तिच्या सांगण्यावरून तुम्ही केस रंगवलेत तेव्हा काय झालं ते आठवा. बाकी सर्व क्षेम.

तुमची,
भावजय
(तूर्त. हुद्दा बदलला असल्यास कळवावे.)

ता. क. गाळणी सापडली. हे पत्र पाकिटात घालायला डिंक शोधत होते (‘ड’मध्ये आहे, मानलं तुम्हाला) तेव्हा स्वयंपाकघराचं दार लागलं आणि त्याच्या मागे ती दिसली. भिंतीवर, नव्या खिळ्याला टांगलेली. खिळा तुम्ही ठोकलात, ताई. तुमच्या आईच्या घरी गाळणी दारामागे टांगलेली असायची, हो ना? मला कुणी सांगितलंच नाही. तो रोज सकाळी जिथे हात घालायचा तिथेच आहे ती. भिंतीचा थोडा टवका उडाला आहे. राहू दे.

ता. क. दुसरा. तेव्हा वरची पहिली तक्रार रद्द समजावी आणि तिच्या जागी ही घालावी: मागची खोली रिकामी आहे, खिडकी पूर्वेची आहे, आणि डब्यांचं वर्गीकरण तुमच्याशिवाय कुणाला चालवता येत नाही. ‘या घरात माझं कोण’ याचं उत्तर मला त्या दिवशी सुचलं नाही, आज सुचलं. मी तुम्हाला आधी भेटले, ताई. तुमच्या भावाला नंतर. तुम्हीच पाठवलंत म्हणून. थोडे दिवस म्हणून या. मी आता तितकी गुळगुळीत राहिलेली नाही.

ता. क. तिसरा, आणि शेवटचा. तुमचं त्याला आलेलं शेवटचं पत्र फ्रीजवर आहे. त्यात तुम्ही लिहिलं होतंत, ‘तुझी बायको दिवसभर तिथे नक्की काय करते ते एकदा मला समजेल असं लिहून पाठव, शेजारणीला सांगायला बरं पडेल.’ त्याने जेवताना मला विचारलं होतं. मी म्हटलं, रविवारी निवांत सांगते. तो रविवार आला नाही आणि तुमच्या पत्राला या घरातून उत्तर जायचं राहिलं. ते वर लिहिलं आहे. शेजारणीला सांगायला हरकत नाही.

त्याचाही नमस्कार.